मंजुळेचा झोका

सत्य बोलावे आणि प्रिय बोलावे, असे शास्त्र सांगते. दोन्ही एकाच वाक्यात मावेनात तर कोणते सोडावे, हे मात्र ज्याच्या जिभेवर ते वाक्य आले असेल त्यालाच ठरवावे लागते. सुनंदाबाईवर ती वेळ अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दुपारी आली.

तिचे माहेर एरंडोलचे, सासर धुळ्याचे. अखाजीला खानदेशातली लेक माहेरी जाते, झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणते. पण न्यायला मुराळी यावा लागतो. त्यावाचून सून उंबरा ओलांडत नाही. सुनंदाचा एकुलता भाऊ गिरधर नोकरीपायी सुरतेला गेला होता. यंदा येणे जमत नाही, असा त्याचा निरोप आला होता.

ती रडली नाही. भाकरी थापताना गुणगुणत राहिली :

‘निंबले बांधा झोका, झोका रिकामा हालस वं,
भाऊनी वाट दखीसन, मंजुळा दारमा बसस वं.’

मंजुळा ही एका कादंबरीतली सासुरवाशीण. पुस्तकावर लेखकाचे नाव नव्हते. ‘एक खानदेशवासी’ एवढेच छापलेले. वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना ती गोष्ट सांगितली आणि बघता बघता मंजुळा गौराईच्या गाण्यांत जाऊन बसली. घराच्या माळ्यावर त्या पुस्तकाच्या प्रतींचा एक गठ्ठा सुतळीने बांधून पडला होता. पाठशाळेत वाटायला आबांनी आणला असावा, असे सगळे समजत.

आबा म्हणजे सासऱ्यांचे चुलते. जन्मभर संस्कृत शिकवले. आता दृष्टी गेली होती. रोज दुपारी घराच्या ओट्यावर सुनंदा त्यांना तीच कादंबरी वाचून दाखवी. ती एखाद्या शब्दाला अडखळली, की तो शब्द आबांच्या ओठांवर आधीच आलेला असे. शेवटचे प्रकरण आले मात्र, की ते हात वर करीत. “पुरे. उद्या पुन्हा पहिल्यापासून.”

त्या दुपारी ते म्हणाले, “आज शेवटचं वाच. कान आहेत तोवर ऐकून घेतो.”

पाण्याचे निमित्त करून सुनंदा आत गेली. सासू बेबाबाई चुलीपाशीच होती.

“ते वाचू नको वं,” बेबाबाई हळूच म्हणाली. “मंजुळा मरस ना त्यामा. आबासनी बहीण भिकुबाई अशीच गयी, दोंडाईचाले. अखाजीले भाऊनी वाट दखता दखता.”

“आबा न्यायला गेले नव्हते?”

“परीक्षा व्हती म्हने पाठशाळामा. पुढला साले जाऊ, म्हने.”

सुनंदा ओट्यावर परतली. पान उघडले. त्या पानावर मंजुळेची तिरडी बांधली जात होती.

ती वाचू लागली. “वेशीकडे धूळ उठली. गाडीच्या घुंगरांचा आवाज आला. मंजुळा झोक्यावरून उतरली...”

आबांची मान वर झाली.

“बैल कसे होते?” त्यांनी विचारले.

“पांढरे, आबा. एकाचं शिंग मोडकं.”

“आणि भाऊ? तो काय म्हणाला?”

सुनंदाने पान उलटले. तेथे असे काही नव्हते. गिरधरने जे म्हणावे असे तिला वाटत होते, तेच तिने वाचले. “म्हणाला, उशीर झाला, बाई. ऊठ, गाठोडं बांध.”

आबांनी उपरण्याचे टोक डोळ्यांना लावले. मग पुस्तक मागून घेतले, पानावरून बोटे फिरवली आणि मिटून मांडीवर ठेवले.

“बेबा,” त्यांनी हाक मारली, “हिचं गाठोडं बांधून दे. उद्या सकाळच्या एस.टी.ने मी हिला एरंडोलला नेतो.”

“तुम्ही मुराळी?” बेबाबाई दारात येऊन म्हणाली. “आबा, तुम्ही पोरले नेशात का पोर तुमले नेई?”

“हात ती धरील. वाट मी विचारीन.”

बेबाबाई पदर तोंडाला लावून आत वळली. सुनंदाने वाकून पायांवर डोके ठेवले. चाचपडत आबांचा हात तिच्या मस्तकावर आला.

“हे पुस्तक लिहिताना त्या गाडीला बैल जुंपण्याचं धैर्य मला झालं नाही, बाई. तुझं माहेर अक्षय राहो.”