बिननंबरी कॅमशाफ्ट

"ओळखा!" मेकॅनिकने कॅमशाफ्टचे दोन तुकडे टर्नरच्या टेबलावर आदळले. "कंपनीचा नंबर नाही यावर. म्हणजे तुमच्याच हातचा. आता तरी कबूल करा."

म्हाताऱ्या टर्नरने लेथ बंद करून चष्मा पुसला. अकरा वर्षांत मेकॅनिकने या दुकानाची पायरी चढली नव्हती. तेव्हा शर्यतीत एका जुन्यापुराण्या मोटरसायकलचं इंजिन भर वळणावर जाम झालं आणि ती चालवणारा मेकॅनिकचा धाकटा भाऊ जागच्या जागी गेला. इंजिनातले निम्मे भाग टर्नरने केलेले. मेकॅनिकने सगळं खापर त्याच्या माथी फोडलं, तेही बाजारभर सांगून. टर्नरची गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. इंजिन मात्र खोलायची कुणाची छाती झाली नाही. परवा मेकॅनिकची आई त्याला म्हणाली, "ते धूड एकदा चालू कर रे, मला त्याचा आवाज ऐकायचाय." म्हणून त्याने खोललं, तर झडपा हलवणारा हा दांडाच तुटलेला.

"माझ्या मालाच्या टोकाला टिंब असतं," टर्नर म्हणाला. "शोध."

टिंब नव्हतं.

"पुसलं असेल! चोराच्या उलट्या बोंबा."

टर्नर चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने तुकडा उजेडात धरला. "तापवून पाणी देताना जास्त कडक झालाय. काचेसारखा ठिसूळ. बाद माल आहे हा. बाद मालाचं काय करायचं, काय शिकवलं होतं मी तुला?"

"ग्राइंडरवर चीर मारायची. चुकून कुणी वापरू नये म्हणून." मेकॅनिक पोपटासारखं बोलून गेला. उमेदवारीची चार वर्षं त्याने इथेच काढली होती.

"आहे चीर?"

चीर नव्हती. टोकाशी नखाएवढा ओरखडा होता. कुणीतरी दांडा ग्राइंडरला टेकवून लगेच मागे घेतला होता. मेकॅनिकचा अंगठा त्यावर थांबला. त्याने केलेला पहिला कॅमशाफ्ट. आठ दिवस खपला होता तो त्यासाठी. चीर मारायला त्याचा जीव झाला नव्हता. गुपचूप घरी नेऊन खणात ठेवला होता, आणि पुढे विसरूनही गेला होता.

त्याने तुकडा हळूच टेबलावर ठेवला. "माझा आहे, उस्ताद. माझाच. तुम्हाला माहीत होतं?"

"शर्यतीच्या आदल्या दिवशी तुझ्या भावाने तुझ्या खणातून काढून दाखवायला आणला होता. म्हटलं, बसवू नकोस, बाद आहे."

"मग इतकी वर्षं गप्प का राहिलात?"

"भाऊ गेला तेव्हा तू भिंतीवर डोकं आपटत होतास. कुठल्या तोंडाने सांगणार होतो? मग राहूनच गेलं."

मेकॅनिकला रडू आवरेना. "तुम्ही सांगूनही बसवला त्याने?"

टर्नर तुकडे फडक्यात गुंडाळू लागला.

"हसला. म्हणाला, जळता होय उस्ताद? दादाच्या हातचा आहे, दगा नाही द्यायचा."