खाली पडलेल्या वस्तू

“पेन तुम्ही मुद्दाम पाडलंत.”

लेथ मशीनवर काम करणाऱ्या टर्नरने पेन टेबलावर ठेवलं आणि कारखान्याच्या डॉक्टरकडे रोखून पाहिलं. कपाळावर घाम होता. पेन उचलायला त्याने डावा हात टेबलाच्या कडेवर रोवला होता, उजवा गुडघा जमिनीला टेकवला होता, डोळे मिटून श्वास कोंडला होता आणि पाठ फळीसारखी ताठ ठेवून तो खाली गेला होता. वर यायला त्याहून जास्त वेळ लागला.

“पडलं ते पडलं,” डॉक्टर म्हणाला. “उचललंत ना? मग दुखतंय कुठे?”

तेवढ्यावर रजा नाकारली गेली. मालकाचं मीठ खाणाऱ्या डॉक्टरला कामगाराचा मणका दिसत नाही, सोंग तेवढं दिसतं. हाड मोडलं तर प्लॅस्टर दाखवता येतं. दुखणं कुठून काढून दाखवायचं?

त्या दिवसापासून टर्नरच्या वाटेत वस्तू पडू लागल्या. फोरमनच्या हातून पाना निसटायचा, तो नेमका ह्याच्या पायाशी. मेव्हणा घरी आला की त्याची किल्ली पडायची. पाडायचं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहायचं. हा वाकला तर सोंगाड्या, नाही वाकला तर माजलाय. लेथवरच्या सोबत्यांनी त्याचं नाव राजेसाहेब ठेवलं. राजेसाहेब कुणापुढे वाकत नाहीत म्हणे. हसून हसून त्यांची पोटं दुखायची, आणि ते दुखणं मात्र सगळ्यांना खरं वाटायचं.

एकट्या बायकोने कधी पुरावा मागितला नाही. सकाळी ती पलंगाच्या दांड्याला गुडघा लावून उभी राहायची, तो तिच्या गळ्यात हात टाकायचा, आणि “हं” म्हणत ती त्याला विहिरीतून भरली बादली ओढावी तसं वर ओढायची. बूट तीच चढवायची. पाणी तीच भरायची. उरलेल्या वेळात शिलाई मशीनवर लोकांचे पडदे शिवायची. असं वर्षानुवर्षं.

शेवटी पाय बधिर झाला तेव्हा ऑपरेशन झालं. मणक्यात स्क्रू बसले. “आता खराखुरा कारखान्याचा माल झालो,” शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला. टाके सुकले, महिने गेले. एक दिवस अंघोळ करताना साबण पडला, तो त्याने उचलला. उचलल्यावर लक्षात आलं, आपण वाकलो. कळ आली नाही. ओल्या अंगाने तो पुन्हा वाकला. मग दाराची कडी नीट लागली आहे ना, ते बघितलं.

कुणाला सांगितलं नाही. कारखान्याने नाइलाजाने त्याला स्टोअरच्या खिडकीवरचं बैठं काम दिलं होतं. वाकता येतं हे कळलं असतं तर दुसऱ्याच दिवशी लेथवर उभं केलं असतं, आणि पुन्हा तीच पाठ, तेच मरण. भिंतींना कान असतात. मेव्हणा तर बायकोचा सख्खा भाऊ, आणि फोरमनबरोबर चहा पिणारा. म्हणून बायकोलाही सांगितलं नाही.

आणि मग घरातच वस्तू पडू लागल्या.

आधी दोऱ्याचं रीळ. मशीनखाली पडलं, तिथेच राहिलं. मग ओट्यापाशी चमचा. मग दोरीवरून घसरलेला टॉवेल. पूर्वी हिच्या घरात जमिनीवर टाचणी राहत नसे. आता ही पडलेल्या वस्तूकडे बघायची, मग त्याच्याकडे बघायची, आणि वळसा घालून निघून जायची. त्या नजरेत त्याला फोरमन दिसायचा.

“अहो, वाकायला कधीपासून चालेल म्हणाले तुमचे सर्जन?” तिने एकदा विचारलं.

“नाही चालणार. जन्मभर नाही.”

काही दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न. ह्याच्या मनात पाल चुकचुकली. हिला कोण विचारायला लावतंय? भावानेच कान भरले असणार. मग तोही चमच्याला वळसा घालू लागला. घर हातभर, आणि त्यात दोघं असे चालायचे, जणू फरशीवर कुणी निखारे सांडून ठेवलेत.

सुट्टीच्या दिवशी त्याने सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. ती चहा टाकायला आत गेली तशी त्याने मशीनवरची मोठी कात्री अलगद खाली सोडली आणि खुर्चीत पेपर उघडून बसला. कात्रीवाचून तिचं काम अडणार. झटकन वाकून तिने ती उचलली, की बाकीचं सगळं मुद्दाम पाडलेलं, हे उघड. पेपरच्या कडेवरून तो बघत राहिला. अगदी डोळ्यांच्या कोपऱ्यातून.

ती आली. कात्री पाहिली. पेपरकडे पाहिलं. मग डावा हात मशीनच्या कडेवर रोवला. उजवा गुडघा टेकवला. डोळे मिटले, श्वास कोंडला आणि पाठ फळीसारखी ताठ ठेवून ती खाली गेली.

हे कुणाकडून शिकून येत नाही. त्याच्याइतकं हे कुणाला ठाऊक होतं?

पेपर टाकून तो उठला आणि तिला धरायला कमरेतून वाकला. सहज वाकला, पूर्ण वाकला.

तिने डोळे उघडले. कात्री तिच्या मुठीत होती. त्याने पुढे केलेला हात तिने धरला नाही. त्याच्या वाकलेल्या पाठीकडे ती नुसती बघत राहिली.

“कधीपासून दुखतंय?” त्याने विचारलं. “बोलली का नाहीस?”

“कात्री तुम्ही मुद्दाम पाडलीत.”

पडली ती पडली, हे शब्द त्याच्या अगदी जिभेवर आले.

ती गुडघ्यावरच होती. श्वास लागला होता, पण नजर हलली नाही.

“पाडलीत ना? बोला.”