आप्पांची गोळी

या घरात औषधपाण्याची हयगय कधीच होत नसे. आप्पा गोळी थुंकून टाकत, एवढंच.

गोळी हृदयाची, उधळलेल्या ठोक्यांना वेसण घालणारी. "माझं हृदय, माझं मी बघून घेईन," आप्पा म्हणत. शेवटी सुनेने वाद सोडला आणि खलबत्ता हाती घेतला. रोज सकाळी गोळीची पूड आप्पांच्या निळ्या कपात, वर बिनसाखरेचा चहा. साखर डॉक्टरांनी बंद केली होती. सासूबाईंच्या पांढऱ्या कपात मात्र दोन चमचे. पुडीचं तिने कुणालाच सांगितलं नाही. सासूबाईंना तर नाहीच; त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे.

दोघांपुढे ट्रे ठेवून ती डबे भरायला वळे. परत येईपर्यंत निळा कप रिकामा.

"बघा, फिका चहा कसा निमूट पितात," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमच्यापेक्षा बरे."

नवऱ्याने पेपरचं पान उलटलं.

महिन्याने डॉक्टरांनी आप्पांची नाडी धरली. ती होती तशीच उधळलेली.

"गोळी नियमित जाते ना?"

"एकही चुकलेली नाही," सून म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

डॉक्टरांनी डोस दुप्पट केला.

मग सासूबाईच थकायला लागल्या. जिन्यात मध्येच टेकायच्या, बोलता बोलता डोळे मिटायच्या.

"काय होतंय, आई?"

"काही नाही गं. ह्यांचं करून करून जीव मेटाकुटीला आलाय."

हे सगळ्यांना पटलं. आप्पांचं करून सगळ्यांचाच आला होता.

एका दुपारी त्या स्वयंपाकघराच्या दारात कोसळल्या. हॉस्पिटलात डॉक्टर मॉनिटरकडे बघत राहिले.

"ठोके फारच मंद आहेत. असेच उतरत राहिले तर कठीण आहे. कुठली गोळी घेतात?"

"त्या? साधी डोकेदुखीचीही नाही."

रात्री नवरा हॉस्पिटलात थांबला. सून घरी परतली, कारण आप्पांची गोळी चुकवून चालणार नव्हतं. सकाळी तिने पूड केली, निळा कप भरला आणि आज डबे नव्हते म्हणून समोरच बसली.

आप्पांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप परत सरकवला.

"हा नको. हा रोज तुझी सासू पिते. मला ती तिचा गोडाचा देते."