पट्टीखालचं कलम

"कलम हवंय की रोप?" नर्सरीवाल्याने विचारलं.

"कलम," हवालदार म्हणाले. "जन्मभर तीच लावत आलोय."

"आणि एकही टिकलं नाही," त्यांची बायको मागून म्हणाली. "ना कोर्टात, ना अंगणात."

निवृत्त हवालदारांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. पण बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. अंगणात एकाच झाडापुरती जागा, आणि त्या जागेने आंब्याची दोन झाडं पचवली होती. पहिलं आणल्या आणल्या वाळलं. दुसरं घराच्या वर गेलं, पण ते कलम नव्हतंच. साध्या रोपाला पट्टी गुंडाळून कोणीतरी ते कलम म्हणून गळ्यात मारलं होतं, आणि हे कळलं ते किती तरी वर्षांनी, फळ धरल्यावर. त्याचा पहिला आंबा जिने खाल्ला ती खार पुढे कायम तोंड वाकडं करून कुंपणावर फिरायची. तिची पिल्लंसुद्धा वाकड्या तोंडाचीच निपजली. तेव्हा बाईंनी निकाल दिला होता. आता आणाल ते शेवटचं. तेही फुकट गेलं तर त्या जागी पाण्याची टाकी. टाकीवाला माप घेऊनसुद्धा गेला होता.

"हे घ्या," बाई एका उंच झाडापाशी थांबल्या. कमरेच्या वर गेलेलं, आणि वर हिरवे आंबे लोंबत होते. "निदान याला काय लागतं ते दिसतंय तरी."

"पहिल्या भेटीत इतकं गोड हसणारा माणूस मी आधी आत टाकतो," म्हणून हवालदारांनी बाह्या सारल्या.

त्यांनी पानं उलटी केली. मागे पांढरी, पिठासारखी कीड दाटीवाटीने बसली होती. आधाराच्या काठीचा दोरा सैल केला, तशी झाडाने बेशुद्ध पडल्यासारखी मान टाकली. पिशवी उचलून बूड पाहिलं, तर मुळं बाहेर पडून पिशवीभोवतीच गरगर गुंडाळली होती.

"हे पळायच्या तयारीत आहे," हवालदारांनी अहवाल दिला. "आणि दमही नाही. वाटेतच कोसळेल."

नर्सरीवाला हसला. "ते विकायला ठेवलेलं नाही साहेब. लोक बघून आत येतात म्हणून दारात असतं."

मग हवालदार मागच्या रांगेत शिरले आणि एका ठेंगण्या झाडापुढे उकिडवे बसले. उंची गुडघ्याएवढी. ना फळ, ना मोहर. मास्तरांनी नाव विचारलं तर खाली बघेल अशा पोरासारखं. पण बुंधा अंगठ्याएवढा जाड, आणि काठीवाचून उभं. पानांच्या मागे स्वच्छ. हलवून पाहिलं, हललं नाही. बुडाशी एकही मूळ बाहेर नाही. आयुष्यात पहिल्यांदाच झडतीत काही सापडलं नाही आणि हवालदारांना बरं वाटलं.

एकच जागा राहिली होती. खालचं मूळ आणि वरची काडी जिथे जोडतात तो सांधा. त्यावर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधलेली होती. हवालदारांनी पट्टीच्या गाठीला नख लावलं.

"ती सोडू नका," नर्सरीवाला म्हणाला. "जोड अजून कच्चा आहे. आता सोडलीत तर वरचं हातात येईल."

"आत जोड आहे की नुसतीच पट्टी, ते कसं कळणार मला? एकदा फसलोय मी."

नर्सरीवाला त्या नखाकडे जरा वेळ बघत राहिला.

"तुमची पद्धत बदललेली नाही," तो म्हणाला. "आधी पाठ, मग कंबर, मग बूड. माझ्या घराची झडतीही अशीच घेतली होतीत. बोकडाच्या वेळी."

हवालदारांना माणूस आठवला नाही. बोकड मात्र लख्ख आठवला. तो कसा विसरणार? चोरीचा मुद्देमाल म्हणून त्याला कोर्टात आणला होता. त्याने सगळ्यांसमोर पंचनामा खाल्ला, त्यावर सरकारी वकिलांच्या कोटाची बाही खाल्ली, आणि न्यायाधीशांकडे बघून ढेकर दिली. खटला तिथेच संपला. पुढे हवालदार बदलून जातील त्या चौकीत त्यांच्या आधी ती ढेकर पोचलेली असायची.

"तो तू?"

"मीच."

"मग सुटलात ना तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"सुटलो की, वहिनी. बोकड भुकेला होता म्हणून."

बाईंना हसू आवरेना. हवालदार हसले नाहीत. नख गाठीवरच होतं. या माणसाला आपण आत टाकलं होतं. आता हाच पट्टी बांधून देणार, आणि आत काय होतं ते कळायला पुन्हा वर्षं जाणार.

"खरं सांग," ते म्हणाले. "कलमच आहे ना हे?"

"कलमच आहे." नर्सरीवाल्याने झारी उचलली आणि शेजारच्या पिशव्यांना पाणी घालायला लागला. "तेव्हाही असंच म्हणाला होतात, खरं सांग. मी सांगितलं होतं, बोकड आपल्या पायांनी माझ्या अंगणात आला. खरंच आला होता."

त्याच्या आवाजात राग नव्हता. पाणी घालताना जेवढं बोलावं तेवढंच तो बोलला.

बाईंच्या ओठांवर टाकीचं आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

मग हवालदारांनी गाठीवरचं नख काढलं. पट्टीचं जरासं सुटलेलं टोक अंगठ्याने दाबून पुन्हा बसवलं. गुडघ्यावर हात टेकून ते उठले, आणि इतक्या वर्षांच्या संसारात बाईंनी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून फौजदाराच्या खालच्या माणसासाठी अहोजाहो ऐकलं.

"पट्टी कधी सोडायची," हवालदार म्हणाले, "तेवढं सांगा."