पितळी शिक्का

"शिक्क्यावरून उतर!" एक धिप्पाड मुलगा ओरडला आणि सगळा कॉरिडॉर माझ्याकडे वळला. साताऱ्याहून नुकतीच आले होते मी. ओहायोतल्या या शंभर वर्षं जुन्या शाळेत पहिलाच दिवस. फरशीत बसवलेल्या, शाळेचं बोधचिन्ह कोरलेल्या पितळी शिक्क्यावर इथे कुणी पाय देत नाही, हे मला कोण सांगणार?

कुणाच्या नजरेत यायचं नाही, असं सकाळपासून घोकत होते. पण पुस्तकाला पाय लागल्यावर जातो, तसा हात आपोआप खाली गेला. शिक्क्याला शिवून कपाळाला टेकला. मेला हात! आता वर्षभर हसतील, या धास्तीनं दुपारी डबासुद्धा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा धावताना माझ्यासमोरच चुकून शिक्क्यावर आला. त्यानं चोरून इकडेतिकडे पाहिलं, वाकून पितळेला हात लावला आणि मला हळूच विचारलं, "आता कपाळाला ना?"