गोपिकेची गाठ

वाडीतला काटेरी तारेचा कारखाना बंद पडला, तेव्हा मशीनवरचा मारोतराव इतवारी बाजारात हार्डवेअरच्या दुकानात कामाला लागला आणि तारेची बंडलं बांधणारी विधवा गोपिका पारशिवनीला भावाकडे निघून गेली. तिला मनातलं सांगायचं त्याचं राहूनच गेलं. आज इतक्या वर्षांनी ती भावासोबत दुकानात आली. रानडुकरं पीक शिल्लक ठेवत नव्हती, शेताला कुंपण हवं होतं. नव्या बंडलांसोबत मारोतरावाने आतून त्याच कारखान्यातलं एक जुनं, गंजलेलं बंडलही आणलं. गोपिकेने त्यावरची गाठ पाहिली. “ही तं माहीच गाठ! इतके दिवस काहून ठेवलं जी?” “गिऱ्हाईकच नाही आलं,” तो कसाबसा म्हणाला. ते मागणाऱ्या प्रत्येकाला त्याने परत पाठवलं होतं. टेम्पोत बसता बसता ती वळली. “रविवारी कुंपण लावून राहिलो आम्ही. तुम्ही याच.” टेम्पो गर्दीत दिसेनासा झाला, तरी मारोतराव मान हलवतच होता.