समोरच्या न्हाणीतला सदरा

आजही बादल आपल्या दारावरून पुढं गेला. कपाशीवर औषध फवारून आलेला माणूस. पाठीवरचा पंप त्यानं वहिनीच्या कुडाला टेकवला आणि तिच्याच न्हाणीत शिरला.

त्याची बायको रंजिता सहावा महिना सावरत उंबऱ्यात उभी होती. तांड्यात दारं समोरासमोर. पाहायचं नाही म्हटलं तरी दिसतं. पंचफुला, तिची विधवा जाऊ, आत पाण्याचा हंडा ठेवून आली. घडीभरानं त्याचा ओला सदरा तिच्या उघड्या हातांत होता. रंजिताच्या काळजात कुसळ रुतलं.

काल हापशीवर जमनाबाई म्हणाली होतीच, "नवरा तुहा, अन् सदरा तिचा. बरी वाटणी हाय, बाई." बायका हसल्या. रंजिताही हसली, आणि घरी येऊन रडली.

बादलला विचारलं, तर तो खाली मान घालून म्हणाला, "वैनीनंच सांगतलं." एवढंच.

सदरा घमेल्यात टाकून पंचफुला पाण्याला वळली. तशी रंजिता अंगण ओलांडून गेली. सदरा उचलला, उराशी धरला, नाक खुपसून हुंगला. जावेच्या साबणाचा वास शोधत होती ती. नाकात उग्र औषध शिरलं, डोळे झोंबले, सदऱ्याचं पाणी लुगड्यातून पोटावर ओघळलं.

"टाक तो," हंडा भरून परतलेली पंचफुला ओरडली.

"काहून टाकू? माह्या नवऱ्याचा हाय. मीच धुईन."

पंचफुलेनं सदरा हिसकला. भरला हंडा तिच्या पोटावर रिता केला आणि खाली बसून तिचे हात, पोट साबणानं चोळू लागली.

"या औषधाले शिरायले तोंड लागत नाही, पोरी. कातडं पुरते."

"मंग तुम्ही कायले धुता?"

पंचफुला चोळतच राहिली.

"तुह्या जेठाचे फवारणीचे सदरे मी असेच पोटाशी धरून धुतले. दोन डाव लेकरासाठी झोळी बांधली, दोन्ही डाव रिकामीच सोडली. पोटुशीपुढं असं बोलू नये, म्हणून बादललेही गप ठेवलं."

तिनं रंजिताच्या पोटावर आणखी एक तांब्या ओतला.

"माह्यात शिरलं तरी आता तिथं हाय कोण?"